कानाच्या मशीनपर्यंतची नऊ वर्षं

अमेरिकेतल्या चार्ल्सटन शहरातल्या वैद्यकीय विद्यापीठात वाढत्या वयाच्या माणसांचे कान वर्षानुवर्षं तपासत राहण्याचा एक जुना प्रकल्प आहे. २०१९ मध्ये तिथल्या संशोधकांनी त्या नोंदींवरून एक हिशोब मांडला. या माणसाला मशीनचा उपयोग होईल असं चाचणीत ज्या वर्षी दिसलं, तिथपासून त्याने ते खरोखर घेईपर्यंत किती काळ गेला? सरासरी ८.९ वर्षं. आणि ही ती माणसं, ज्यांचे कान नेमाने तपासले जात होते.

आपल्याकडे चाळिशी उलटली की चष्मा लागतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. मोतीबिंदूची शिबिरं तालुक्या-तालुक्यात भरतात. कान मात्र आपणहून तपासून घ्यायला क्वचितच कुणी जातं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये श्रवणाबद्दल जो मोठा अहवाल काढला, त्यानुसार ज्यांना श्रवणयंत्राचा फायदा होईल अशा दर शंभरांपैकी फक्त १७ जणांकडे ते आहे. उरलेले ८३ जण काय करत असतात? बहुतेक जण टीव्हीचा आवाज वाढवत असतात, अंदाजाने मान डोलावत असतात आणि ‘माझं काही अडत नाही’ म्हणत असतात. मग एके दिवशी त्यांच्यातलाच एखादा उठून ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे, जातो. त्याच दिवशी का जातो, त्याआधी का जात नाही, हे नीट समजलं तर घरातल्यांना बरंच काही करता येतं. म्हणून आधी कानापासूनच सुरुवात करू.

वयामुळे येणाऱ्या बहिरेपणात सगळे आवाज एकसारखे कमी होत नाहीत. आतल्या कानात शंखाच्या आकाराची एक नळी असते, तिला कॉक्लिया म्हणतात. तिच्यात सुमारे पंधरा हजार केसपेशी ओळीने मांडलेल्या असतात. नळीच्या तोंडाशी असलेल्या पेशी बारीक, पातळ, उंच पट्टीचे आवाज टिपतात आणि टोकाकडच्या पेशी जाड, खालच्या पट्टीचे. वय वाढतं तशा तोंडाशी असलेल्या पेशी आधी जातात. इचलकरंजी, भिवंडी किंवा मालेगावात ज्यांचं आयुष्य यंत्रमागाच्या खडखडाटात गेलं, त्यांच्या तर लवकरच जातात. माणसाच्या कानात या पेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

आता आपलं बोलणं पाहा. अ, आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीचे आणि दणकट असतात. स, श, त, थ, फ, ख यांसारखी व्यंजनं उंच पट्टीची आणि नाजूक. काठ, ताठ, पाठ, साठ हे चार शब्द घ्या. चारहींमधला ‘आ’ ठणठणीत ऐकू येतो, पण शब्द ओळखायचा असतो तो पहिल्या व्यंजनावरून, आणि तेच निसटतं. पाटीवरची अक्षरं पुसली जाऊन नुसत्या काना-मात्रा-वेलांट्या उराव्यात, तसं वाक्य कानात शिरतं. त्यामुळे ‘मला ऐकू येतं, पण तुम्ही लोक स्पष्ट बोलत नाही’ ही आजोबांची तक्रार खोटी नसते. आवाज त्यांच्यापर्यंत पोचतोच, शब्द पोचत नाहीत. आपल्याला कमी ऐकू येतं असं त्यांना वाटतच नाही, कारण कुकरची शिट्टी, रिक्षाचा हॉर्न, देवळातली घंटा हे सगळं त्यांना व्यवस्थित ऐकू येत असतं.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट होते, आणि तिच्यावरून घराघरांत भांडणं होतात. हळू बोललं तर ऐकू येत नाही, म्हणून मुलगा मोठ्याने बोलतो, तर बाबा म्हणतात, ‘ओरडतोस कशाला? मी बहिरा नाही!’ मुलाला वाटतं, हे मुद्दाम चाललंय. प्रत्यक्षात बिघडलेल्या कानात ऐकू येण्याची खालची मर्यादा वर सरकते, पण सहन होण्याची वरची मर्यादा जिथल्या तिथेच राहते. मधली जागा अरुंद होते. आवाज थोडासा वाढवला की तो एकदम कर्कश लागतो. बाबांना खरोखरच आधी ऐकू आलेलं नसतं आणि नंतर खरोखरच त्रास झालेला असतो.

हे सगळं इतकं सावकाश घडतं की ज्याचं त्याला कळत नाही. शिवाय माणूस नकळत इतर आधार शोधतो. समोरच्याच्या ओठांकडे पाहतो, विषयावरून पुढचं वाक्य ताडतो, घोळक्यात न बसता एखाद्याशीच बोलतो. शांत खोलीत समोरासमोर बसलं की त्याला जवळजवळ सगळं कळतं. मंगल कार्यालयात, पंख्याखाली किंवा पाठमोरं बोललं की कळत नाही. त्यावरून ‘हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं’ असा शेरा बसतो. २०२० मध्ये सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले तेव्हा हे आधार एकदम काढून घेतले गेले. ओठ दिसेनासे झाले, आणि एन-९५ मास्कमुळे उंच पट्टीचा आवाज १२ डेसिबलपर्यंत आणखी कमी झाला. बँकेत, दवाखान्यात काचेपलीकडचा माणूस काय म्हणतो ते कळेना, तेव्हा आपण इतकी वर्षं कानाने कमी आणि डोळ्याने जास्त ऐकत होतो, हे पुष्कळ जणांच्या लक्षात आलं.

घरातली माणसंही नकळत हा दोष झाकत असतात, आणि हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. फोन आला की आई उचलते आणि निरोप सांगते. डॉक्टर काय म्हणाले ते सून पुन्हा एकदा सावकाश सांगते. नातू आधी हाताला स्पर्श करतो, मग बोलतो. हे सगळं मायेपोटी होतं, पण त्यामुळे अडचण ज्याची आहे त्याला ती जाणवतच नाही. ती बाकीच्यांना जाणवते. मग ते कंटाळून ‘बाबा, आता मशीन घ्या’ म्हणतात आणि बाबा मनापासून विचारतात, ‘कशाला?’ पत्नीच्या निधनानंतर काही पुरुष पहिल्यांदाच कान तपासायला येतात, त्यामागेही हेच असतं. त्यांच्या वतीने ऐकणारं माणूस गेलेलं असतं.

मदत घ्यायला माणूस कशामुळे तयार होतो, यावर झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तपासायला येणं, मशीन घेणं, ते वापरणं आणि त्यावर समाधानी असणं असे चार टप्पे त्यात वेगवेगळे पाहिले होते. चारही टप्प्यांवर परिणाम करणारी एकच गोष्ट निघाली: आपल्या ऐकण्यात अडचण आहे असं त्या माणसाला स्वतःला किती वाटतं. श्रवणचाचणीच्या आलेखावरचे डेसिबल त्याच्यासमोर कमी पडले. एकाच मापाचं बहिरेपण असलेल्या दोघांपैकी एक जण शाळेत शिकवतो आणि दुसरा एकटाच शेतावर असतो. पहिला येतो, दुसरा येत नाही. दोघांच्या कानांत फरक नाही, दिवसांत आहे.

म्हणून त्याची त्याला जाणीव होणं हीच पहिली पायरी आहे, आणि त्यासाठी साधी साधनं आहेत. व्हेंट्री आणि वाइनस्टीन या संशोधकांनी १९८२ मध्ये वृद्धांसाठी एक प्रश्नावली तयार केली. तिचं दहा प्रश्नांचं छोटं रूप जगभर वापरलं जातं. कान कसा आहे असं तिच्यात थेट विचारलेलं नसतं. ऐकण्याच्या अडचणीमुळे नवीन माणसाला भेटताना अवघडल्यासारखं होतं का, घरात वाद होतात का, नातेवाइकांकडे जाणं कमी झालंय का, अशा अंगाने विचारलेलं असतं. ‘हो’ला ४ गुण, ‘कधी कधी’ला २, ‘नाही’ला ०. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली की तपासणी करून घ्यावी. कान दुबळा झालाय हे कबूल करायला तयार नसलेला माणूसही भजनी मंडळात जाणं सोडल्याचं सहज सांगून जातो.

लाजेचा भाग आहेच. मार्गारेट वॉलहेगन या अमेरिकी संशोधिकेने बहिरेपण आलेली माणसं आणि त्यांचे जोडीदार यांच्याशी बोलून २०१० मध्ये या लाजेचे तीन पदर दाखवले: आपण आता धडधाकट राहिलो नाही ही भावना, म्हातारपणाची भीती आणि दिसण्याची काळजी. आपल्याकडे यात आणखी भर आहे. ‘बहिरा’ हा आपल्या नाटका-सिनेमांत हमखास हशा मिळवणारा माणूस असतो. आंधळ्याबद्दल कळवळा येतो, बहिऱ्यावर हसू येतं. पन्नाशीतल्या एखाद्या बाईंना मशीन नको असतं ते या हसण्यामुळे. खरं तर मशीन न लावता चुकीच्या प्रश्नाचं उत्तर देत राहिल्याने बहिरेपण जास्त उघडं पडतं, पण हे त्यांना दुसऱ्याने सांगून पटत नाही. मशीन लावून रोजच्यासारखं काम करणारी ओळखीतली कुणी भेटली की पटतं.

मग घरच्यांनी गप्प बसायचं का? नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात लुईस हिक्सन आणि सहकाऱ्यांनी मशीन यशस्वीपणे वापरणारे आणि न वापरणारे वृद्ध यांची तुलना केली. यशस्वी झालेल्यांमध्ये जवळच्या माणसांचा पाठिंबा ठळकपणे दिसला. मात्र पाठिंबा आणि तगादा यांत फरक आहे. सोबत जाणं, पहिले काही दिवस मशीन घालायला मदत करणं, ‘आज फोनवर तुम्हाला नीट कळलं की’ असं आठवणीने सांगणं हा पाठिंबा. ‘किती वेळा सांगायचं’ हा तगादा. तगाद्याने आणलेलं मशीन दिवाळीपर्यंत कपाटात जातं. माझं मत विचाराल तर एक गोष्ट करून पाहावी: आजवर आपण त्यांच्या वतीने जे ऐकत आलो, ते प्रेमाने थोडं थोडं त्यांच्यावर सोपवावं. फोन त्यांनाच घेऊ द्यावा. डॉक्टरांशी त्यांनाच बोलू द्यावं, आपण शेजारी बसावं. अडचण त्यांच्यापर्यंत पोचली की पुढचं बोलणं सोपं होतं.

भीती घालून मात्र न्यायला जाऊ नये. ‘मशीन लावलं नाही तर स्मृतिभ्रंश होईल’ अशा जाहिराती हल्ली दिसतात. बहिरेपण आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध आढळतो, हे खरं. पण अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षं जी मोठी चाचणी झाली आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात संपूर्ण गटाचा विचार केला तर मशीनमुळे बुद्धीची घसरण कमी झाल्याचं दिसलं नाही. ज्यांना आधीच जास्त धोका होता अशा गटात मात्र ती घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. म्हणजे आशेला जागा आहे, हमी नाही. मशीन घ्यायला नातवंडांचं बोलणं कळणं एवढं कारण पुरेसं आहे.

आता प्रत्यक्ष तपासणी. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावं, कारण मळ साठणं, पडद्यामागे पाणी होणं, पडद्याला भोक असणं यांवर उपाय असतो आणि अनेकदा मशीनची गरज पडत नाही. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: एका कानाचं ऐकू येणं अचानक, एका रात्रीत किंवा दोन-तीन दिवसांत गेलं, तर तो तातडीचा आजार समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. त्यावरचं औषध पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक उपयोगी पडतं.

पुढे ऑडिओमेट्री. आवाजबंद केबिनमध्ये हेडफोन लावून बसवतात आणि हातात बटण देतात. बारीकशी ‘टूं’ ऐकू आली की दाबायचं. २५० हर्ट्‌झपासून ८००० हर्ट्‌झपर्यंत, प्रत्येक पट्टीचा जेमतेम ऐकू येणारा आवाज शोधला जातो. आलेखावर उजव्या कानाच्या खुणा लाल गोलांच्या, डाव्याच्या निळ्या फुल्यांच्या. वयोमानाच्या बहिरेपणात या खुणा जोडणारी रेघ डावीकडे वर सुरू होते आणि उजवीकडे उतरत जाते. समजा, ५०० हर्ट्‌झला २५ डेसिबल, १००० ला ३०, २००० ला ४५, ४००० ला ६०. चारही आकड्यांची सरासरी ४०. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गवारीत ३५ ते ५० म्हणजे मध्यम बहिरेपण. इथे एक घोटाळा होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘कमी ऐकू येणारी व्यक्ती’ ही व्याख्या दोन्ही कानांत ६० डेसिबलपासून सुरू होते. त्यामुळे ४० डेसिबलवाल्याला प्रमाणपत्र मिळत नाही आणि तो समजतो, आपल्याला काही झालेलं नाही. प्रमाणपत्राची रेषा सवलतींसाठी आखलेली आहे. मशीनचा उपयोग त्याच्या पुष्कळ आधी सुरू होतो.

ऑडिओमेट्रीचा कागद हातात आल्यावर चांगला ऑडिओलॉजिस्ट लगेच मशीनचे डबे उघडत नाही. डेन्मार्कमधल्या इडा इन्स्टिट्यूटने रूढ केलेली एक साधी रीत आहे. कागदावर ० ते १० अशी रेघ ओढायची आणि विचारायचं: ऐकणं सुधारणं तुम्हाला आत्ता किती महत्त्वाचं वाटतं? मग दुसरी रेघ: मशीन वापरणं जमेल असं किती वाटतं? पहिल्या रेघेवर आठ आणि दुसरीवर तीन आले तर माणसाला इच्छा आहे, धीर नाही. त्याला हातात मशीन देऊन घालायला-काढायला शिकवायला हवं. पहिल्यावर दोन असतील तर विक्रीची घाई करण्यात काही अर्थ नाही.

यानंतरचा कागद मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय श्रवण प्रयोगशाळेने १९९७ मध्ये त्याची रीत प्रसिद्ध केली. माणसाने आपल्याला काय ऐकू यायला हवं ते स्वतःच्या शब्दांत लिहायचं, जास्तीत जास्त पाच गोष्टी, जितक्या नेमक्या तितक्या चांगल्या. ‘नीट ऐकू यावं’ एवढं चालत नाही. ‘रविवारी मुलीचा अमेरिकेहून व्हिडिओ कॉल येतो तेव्हा नातीचं बोलणं कळावं’, ‘सोसायटीच्या मीटिंगमध्ये मागच्या रांगेतला काय म्हणतो ते कळावं’, ‘भाजीवाली किती रुपये म्हणाली ते पुन्हा विचारावं लागू नये’ असं हवं. ही यादी बाबांनी स्वतः केलेली असली की मशीन मुलांचं राहत नाही, बाबांचं होतं.

पैशांचा प्रश्न खरा आहे. मशीन काही हजारांपासून सुरू होतं आणि एका कानाला लाखाच्या वरही जातं. तरी सगळा दोष किमतीवर टाकता येत नाही. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्य सेवा १९४८ पासून श्रवणयंत्र मोफत देते आणि तिथेही गरज असलेल्यांपैकी पुष्कळ जण वर्षानुवर्षं येत नाहीत. आपल्याकडे वांद्र्याची वाणी-श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत कमी खर्चात तपासणी होते. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांसाठी २०१७ पासून केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. महाराष्ट्राने २०२४ मध्ये आणलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, कमी उत्पन्नाच्या व्यक्तीला सहायक साधनांसाठी एकदा ३,००० रुपये मिळतात. चांगल्या डिजिटल मशीनला ही रक्कम अपुरी आहे, हेही सांगायला हवं. मात्र स्वस्त म्हणून ऑनलाइन मिळणारं ‘आवाज वाढवणारं’ यंत्र घेऊ नये. ते सगळे आवाज एकदमच वाढवतं, आणि वर सांगितलेल्या अरुंद जागेमुळे कानाला नुसता त्रास होतो. खऱ्या मशीनमध्ये जी पट्टी जितकी गेली आहे त्या प्रमाणात ती वाढवलेली असते. कानात बारीक नळी घालून पडद्याजवळचा आवाज मोजून ते जुळवता येतं. अशी मोजणी करता का, हे विचारायला संकोच करू नये.

पहिले दिवस अवघड जातात. वर्तमानपत्राच्या पानाचा आवाज, नळाचं पाणी, स्वतःच्या चपला, सगळं अंगावर येतं. स्वतःचा आवाज मडक्यातून आल्यासारखा वाटतो. मेंदूने कित्येक वर्षं हे आवाज ऐकलेले नसतात, आणि ते बाजूला सारायला तो पुन्हा शिकतो, त्याला काही आठवडे लागतात. म्हणून आधी घरात, शांत वेळी, दोन-तीन तास. मग वेळ वाढवायचा. बाजार आणि लग्न शेवटी. मशीन शिट्टी मारत असेल तर बहुधा ते कानात नीट बसलेलं नसतं किंवा मळ झालेला असतो. लहान बॅटऱ्या हवेवर चालतात. तपकिरी स्टिकरची ३१२, नारिंगी १३, निळी ६७५. स्टिकर काढल्यावर मिनिटभर उघडी ठेवून मग बसवायची. एकदा स्टिकर काढला की ती न वापरताही उतरत जाते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवलं नाही तर दमटपणाने बिघडतं. बोटं थरथरत असतील तर बारीक, लपणारं मशीन घेऊ नये. कानामागचं, जरा मोठं, चार्जिंगचं घ्यावं.

तीन-चार आठवड्यांनी पुन्हा जायचं, आणि ही भेट टाळायची नाही. आधुनिक मशीन दिवसाला सरासरी किती तास कानात होतं याची नोंद ठेवतं. ऑडिओलॉजिस्ट ती पाहतो, आवाज कमी-जास्त करतो आणि मग तोच पाच ओळींचा कागद पुढे ठेवतो. नातीचं बोलणं कळू लागलं, भाजीवालीचंही. सोसायटीच्या मीटिंगमधलं मात्र अजून जमत नाही, असं बहुतेक वेळा निघतं, कारण मशीन दोन-तीन हातांवरचं बोलणं चांगलं पकडतं, पण घुमणाऱ्या हॉलमध्ये दूरचा आवाज त्याच्याही हाती पूर्ण लागत नाही. तिथे वक्त्यासमोर ठेवायचा छोटा माइक मिळतो, जो आवाज थेट मशीनमध्ये पाठवतो. तो नसेल तर भिंतीला पाठ करून, बोलणाऱ्याचा चेहरा दिसेल अशा जागी बसावं, आणि सेक्रेटरींना सांगून ठेवावं की एका वेळी एकानेच बोलायचं.